हीटरऐवजी हलता वेव्हगाइड: वीज कुठे वाचते आणि कुठे वाचत नाही

प्रश्न असा आहे: सिलिकॉन फोटॉनिक चिपवर, म्हणजे सिलिकॉनच्या सूक्ष्म वाटांतून (वेव्हगाइडमधून) प्रकाश नेणाऱ्या चिपवर, प्रकाशलहरीचा फेज (कला) बदलायला हीटर सहज मिळतात, बहुतेक फाउंड्री (चिप बनवून देणारे कारखाने) ते तयारच देतात. मग सूक्ष्मयांत्रिक, म्हणजे मेम्स पद्धतीने वेव्हगाइड हलवण्याचा खटाटोप कशासाठी? शोधनिबंधांत फेज शिफ्टरला (फेज बदलणाऱ्या घटकाला) 'एक नॅनोवॅटपेक्षा कमी' वीज लागते असे लिहिलेले असते, ते खरे मानायचे का? आणि एम.टेक.च्या प्रकल्पासाठी हा विषय घ्यावा का?

आधी थेट उत्तर देतो. नॅनोवॅटचा आकडा खरा आहे, पण तो एकट्या घटकाचा आहे, आणि तोही घटक एका स्थितीत स्वस्थ असतानाचा. घटक शेकड्यांनी असतील आणि प्रत्येकाने एकदा घेतलेली स्थिती बराच वेळ धरून ठेवायची असेल, तर मेम्सइतका चांगला पर्याय मला आज दिसत नाही. चिपवर चार-सहाच फेज शिफ्टर असतील तर हीटर लावा आणि पुढच्या कामाला लागा. आता यामागचा हिशेब.

सिलिकॉनचा स्फटिक केंद्रसममित असतो, त्यामुळे त्यात पॉकेल्स परिणाम नाही. लिथियम नायोबेटमध्ये नुसते विद्युतक्षेत्र लावले की अपवर्तनांक बदलतो, तसे इथे होत नाही. मग सिलिकॉनमध्ये दोन वाटा उरतात. पहिली म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल यांची संख्या बदलणे. सोरेफ आणि बेनेट यांनी १९८७ साली हा संबंध आकड्यांत मांडला आणि आजचे वेगवान सिलिकॉन मॉड्युलेटर (प्रकाशावर डेटा चढवणारे घटक) त्यावरच चालतात. पण हेच प्रवाहक प्रकाश शोषूनही घेतात, म्हणून फेजबरोबर तीव्रताही बदलते. दुसरी वाट तापवण्याची. सिलिकॉनचा अपवर्तनांक दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०००१८ ने वाढतो. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला आणि १०० मायक्रोमीटर लांबीच्या वेव्हगाइडला फेज π इतका सरकवायचा तर तापमान सुमारे ४० अंशांनी वाढवावे लागते. साध्या धातूच्या हीटरला त्यासाठी २० मिलिवॅटच्या आसपास वीज लागते, आणि ती सतत लागते. हीटर बंद केला की फेज मूळ जागी परत येतो.

एका हीटरचे २० मिलिवॅट कुणालाही जड नाहीत. प्रोग्रॅमेबल फोटॉनिक जाळीत, म्हणजे प्रकाशाच्या वाटा हव्या तशा बदलता येणाऱ्या जाळीत, मात्र चित्र बदलते. क्लेमेंट्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या आयताकृती रचनेत ६४ वाटांची जाळी बांधायची तर ६४ गुणिले ६३ भागिले २, म्हणजे २०१६ इंटरफेरोमीटर (दोन वाटांतला प्रकाश एकत्र मिसळणारे घटक) लागतात. प्रत्येकात दोन फेज शिफ्टर धरले तर ४०३२. शून्य ते २π या पल्ल्यात सरासरी π फेज धरला की नुसत्या हीटरना सुमारे ८० वॅट हवेत. तेही काही चौरस सेंटिमीटरच्या चिपवर, जिथे शेजारच्या रिंग रेझोनेटरची (ठरावीक तरंगलांबीलाच प्रतिसाद देणाऱ्या वर्तुळाकार वेव्हगाइडची) तरंगलांबी एका अंशाने ७० ते ८० पिकोमीटर सरकते. एका हीटरची उष्णता शेजाऱ्याचा फेज बिघडवते, तो सुधारायला शेजारचा हीटर हलवावा लागतो आणि त्याचा परिणाम पुढच्यावर होतो. ही गुंतागुंत ज्याने हाताळली आहे त्याला मेम्सचे आकर्षण समजावून सांगावे लागत नाही. वीज वाचते हे महत्त्वाचे आहेच, पण माझ्या मते उष्णतेचा शेजारत्रास संपतो हा त्याहून मोठा लाभ आहे.

हीटरची बाजूही नीट मांडायला हवी. वेव्हगाइडखालचे सिलिकॉन कोरून हीटर अधांतरी ठेवला तर उष्णता निसटत नाही आणि लागणारी वीज दहापटीने किंवा त्याहूनही कमी करता येते. पण उष्णता जितकी अडवाल तितकी ती सावकाश बाहेर पडते, म्हणून घटक तेवढाच मंद होतो. वीज आणि वेग यांचा हा सौदा हीटरला चुकवता येत नाही.

मेम्स पद्धतीत सिलिकॉनचा अपवर्तनांक बदलण्याच्या फंदातच पडायचे नाही. २२० नॅनोमीटर जाड आणि ४५० ते ५०० नॅनोमीटर रुंद वेव्हगाइडमधला सगळा प्रकाश सिलिकॉनच्या आत मावत नाही, त्याचा काही भाग बाहेर काहीशे नॅनोमीटरपर्यंत पसरलेला असतो. त्या पसरलेल्या भागात सिलिकॉनची दुसरी पट्टी आणली की प्रकाशाला जाणवणारा प्रभावी अपवर्तनांक बदलतो. पट्टी किती जवळ आहे यावर फेज ठरतो. हवेचा अपवर्तनांक १ आणि सिलिकॉनचा जवळपास ३.४८, इतका मोठा फरक हाताशी असल्यामुळे शंभरेक नॅनोमीटरच्या हालचालीत प्रभावी अपवर्तनांक ०.०४ इतका बदलू शकतो. त्या हिशेबाने π फेजला २० मायक्रोमीटरपेक्षा कमी लांबी पुरते. स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातल्या गटाने २०२१ मध्ये दाखवलेला फेज शिफ्टर याच मापाचा आहे: π फेजला सुमारे १७ मायक्रोमीटर लांबी, ११ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज आणि प्रकाशाची घट अर्ध्या डेसिबलच्या आत. हीच हालचाल दोन वेव्हगाइडमधल्या कप्लरवर (प्रकाश एकातून दुसऱ्यात नेणाऱ्या जोडणीवर) केली तर वाटणीचे प्रमाण बदलता येते, रिंगशेजारी केली तर रिंगची तरंगलांबी.

पट्टी हलवण्यासाठी बहुतेक ठिकाणी स्थिर विद्युतबल वापरतात. दोन समांतर इलेक्ट्रोड, एक जखडलेला आणि एक स्प्रिंगवर. बल व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. इथे एक मर्यादा आहे जी प्रत्येकाने पहिल्याच दिवशी स्वतः गणित करून पाहावी: हलता इलेक्ट्रोड मूळ अंतराच्या एक तृतीयांशापर्यंत गेला की स्प्रिंग हरते आणि तो झटक्यात समोरच्यावर जाऊन आदळतो. याला पुल-इन म्हणतात. उदाहरण घ्या. स्प्रिंगचा ताठरपणा मीटरला १ न्यूटन, इलेक्ट्रोड ५० मायक्रोमीटर लांब आणि ०.२२ मायक्रोमीटर उंच, अंतर १ मायक्रोमीटर. पुल-इन सुमारे ५५ व्होल्टला होते. अंतर अर्धे केले तर २० व्होल्टच्या किंचित खाली. पुल-इन व्होल्टेजचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो, म्हणून व्होल्टेज कमी करण्याची सर्वांत सोपी वाट अंतर कमी करण्याची, आणि लिथोग्राफीची (चिपवर आकृती उमटवण्याच्या पद्धतीची) मर्यादा इथेच आडवी येते. लांब आणि गुळगुळीत हालचाल हवी असेल तर कोम्ब ड्राइव्ह, म्हणजे एकमेकांत दाते घातलेले दोन कंगवे. बर्कलीला टँग, न्युयेन आणि होव यांनी १९८९ मध्ये तो रुळवला. दातांच्या दिशेने सरकताना बल जवळपास तेवढेच राहते, म्हणून एक तृतीयांशाची अट लागू होत नाही. मात्र वस्तुमान वाढते आणि वेग त्या मानाने उतरतो.

आता विजेचा खरा हिशेब. वरच्या उदाहरणातल्या इलेक्ट्रोडचा कपॅसिटन्स एक फेम्टोफॅरडही भरत नाही. कोम्ब ड्राइव्ह असला तर काही फेम्टोफॅरड. एकदा चार्ज दिला की गळतीपुरता प्रवाह सोडला तर काहीच वाहत नाही, नॅनोवॅट येतो तो इथून. पण त्या इलेक्ट्रोडला जोडलेला १०० मायक्रोमीटर बाजूचा धातूचा पॅड एकटाच ०.१ पिकोफॅरडच्या वर जातो. तार, पॅकेज, ड्रायव्हर (व्होल्टेज पुरवणारा परिपथ) मिळून एक पिकोफॅरड धरणे उदारपणाचे नाही. २० व्होल्टला एक पिकोफॅरड भरायला पुरवठ्यातून ४०० पिकोज्यूल लागतात. सेकंदाला हजारदा स्थिती बदलली तरी ०.४ मायक्रोवॅट. दहा लाखदा बदलली तर ०.४ मिलिवॅट, अजूनही हीटरच्या पन्नासाव्या हिश्शापर्यंत. इथवर सगळे उत्तम.

घोळ होतो तो ड्रायव्हरमध्ये. प्रत्येक फेज शिफ्टरला स्वतंत्र डीएसी (अंकी आकड्याचे व्होल्टेज करणारा परिपथ) आणि त्यापुढे २०-४० व्होल्टचा अॅम्प्लिफायर दिला आणि त्या अॅम्प्लिफायरचा विश्रांतीचा प्रवाह ५० मायक्रोअँपिअर असला, तर २० व्होल्टला एका वाहिनीमागे एक मिलिवॅट झाला. चार हजार वाहिन्यांचे चार वॅट. चिप थंड राहते हे खरे, हीटरच्या ८० वॅटपुढे हे थोडेही आहे, पण 'नॅनोवॅट' हा शब्द तिथे उरत नाही. म्हणून प्रणालीची वीज सांगताना ड्रायव्हरसकट सांगा, असा माझा आग्रह असतो. उपाय आहेत. मेम्स घटक मुळात कपॅसिटरच असल्यामुळे एकच डीएसी पाळीपाळीने अनेक घटकांना चार्ज देऊन बाजूला होऊ शकतो. गळती कमी असेल तर घटक तो चार्ज धरून ठेवतो, अधूनमधून ताजा केला की झाले. हीटरबाबत असे सहज करता येत नाही, कारण त्याला धरून ठेवता येण्याजोगा साठाच नाही. आणखी पुढची पायरी म्हणजे यांत्रिक कुलूप: दोन स्थिर अवस्थांची रचना, जिथे व्होल्टेज पूर्ण काढून घेतले तरी घटक जागेवर राहतो.

ड्रायव्हरचा प्रश्न सर्वांत देखण्या पद्धतीने सोडवला तो बर्कलीच्या मिंग वू यांच्या गटाने, असे मला वाटते. त्यांनी अॅनालॉगचा नादच सोडला. स्विचला दोनच स्थिती हव्यात ना, मग पुल-इनला घाबरायचे कशाला, त्याचाच उपयोग करायचा. आडव्या-उभ्या वेव्हगाइडची जाळी, प्रत्येक छेदाजवळ वर उचललेला कप्लर. व्होल्टेज दिले की तो खाली खेचला जातो, यांत्रिक टेकूवर टेकतो आणि प्रकाश आडव्यातून उभ्या वाटेत वळतो. टेकू अंतर ठरवतो, त्यामुळे व्होल्टेज थोडे इकडेतिकडे झाले तरी फरक पडत नाही. २०१६ मध्ये त्यांनी ६४ गुणिले ६४ चा स्विच प्रसिद्ध केला, चिपवरची घट ३.७ डेसिबल आणि बदलण्याचा वेळ एक मायक्रोसेकंदाच्या आत. २०१९ मध्ये २४० गुणिले २४०: लिथोग्राफीच्या एका चौकटीत मावत नाही म्हणून ८० गुणिले ८० चे नऊ तुकडे वेफरवरच एकमेकांना जोडलेले, कमाल घट ९.८ डेसिबल, वेळ ४०० नॅनोसेकंदांच्या आत. इतक्या छेदांतून जाऊनही घट आटोक्यात राहते, कारण प्रकाश कितीही लांब गेला तरी वळवणाऱ्या स्विचमधून एकदाच जातो. बाकी सगळे छेद त्याच्यासाठी जवळपास अस्तित्वातच नसतात. शिवाय पुल-इनचे व्होल्टेज आणि सुटण्याचे व्होल्टेज वेगळे असते. त्या फरकाचा उपयोग करून ओळ आणि स्तंभ अशा तारांनी पत्ता देता येतो, म्हणजे हजारो छेदांसाठी हजारो तारा लागत नाहीत. त्यांनी हे १२८ गुणिले १२८ च्या स्विचवर करून दाखवले.

युरोपात मॉर्फिक नावाच्या प्रकल्पाने दुसरा रस्ता धरला: घेंट विद्यापीठ आणि आयमेक ही संशोधन संस्था, लोझानचे ईपीएफएल विद्यापीठ, केटीएच आणि इतर भागीदार. खास मेम्ससाठी वेगळी प्रक्रिया उभारण्याऐवजी आयमेकच्या चालू फाउंड्री प्रक्रियेत मॉड्युलेटर आणि डिटेक्टर जसेच्या तसे ठेवून शेवटी मेम्सची पायरी जोडायची. माझ्या मते हाच मार्ग टिकेल, कारण एकट्या मेम्स फेज शिफ्टरला बाजारात किंमत नाही, पूर्ण परिपथाला आहे.

आणि याच शेवटच्या पायरीत, म्हणजे घटक मोकळा करण्यात, सगळे कौशल्य लागते. प्रकाशाचे गणित सॉफ्टवेअर बरोबर सोडवून देते. मोकळे करताना काय होईल ते सॉफ्टवेअर सांगत नाही. वेव्हगाइडखालचा दोन-तीन मायक्रोमीटरचा सिलिकॉन डायऑक्साइड हायड्रोफ्लोरिक आम्लाने काढावा लागतो. द्रवरूप आम्ल वापरले तर वाळताना पाण्याचा पृष्ठताण नाजूक पट्ट्यांना खाली ओढून चिकटवतो, आणि २०० नॅनोमीटरच्या फटीत चिकटलेली पट्टी पुन्हा सुटत नाही. म्हणून आम्लाची वाफ वापरतात. पण वाफ वरच्या धातूच्या थरांमधला ऑक्साइडही खाते, त्यामुळे आधी अॅल्युमिनाचा पातळ थर देऊन सगळे झाकायचे आणि फक्त मेम्सच्या जागी खिडकी उघडायची. वाफ सर्व दिशांनी सारखीच खाते हे आराखडा काढताना विसरून चालत नाही. बाजूने जितके मायक्रोमीटर आत खाल्ले जाणार, त्याच्या दुपटीपेक्षा अरुंद असलेली प्रत्येक गोष्ट सुटी होते, मग ती तुम्हाला सुटी हवी असो वा नसो. आधाराचे खांब त्या हिशेबाने भरपूर रुंद ठेवा.

मोकळे झाल्यावर सिलिकॉनमधला ताण प्रकट होतो. दोन्ही टोकांना जखडलेली लांब पट्टी दाबाखाली असेल तर वर किंवा बाजूला वाकते, आणि २२० नॅनोमीटर जाडीच्या पट्टीला १०० नॅनोमीटरचे वाकणे म्हणजे कप्लर निकामी. एका टोकाला घडीची स्प्रिंग द्या, ताण तिथे निघून जाईल. वेव्हगाइडला बाजूने धरणारे आधार प्रकाश विखुरतात, त्यांची संख्या कमी ठेवा आणि तिथे वेव्हगाइड थोडा रुंद करा. पुल-इनच्या वेळी वेगळ्या व्होल्टेजचे भाग एकमेकांना कधीही शिवू देऊ नका. शिवले की शॉर्ट होऊन वितळून चिकटतात. हलत्या भागाच्याच व्होल्टेजवर असलेला टेकू आधी लागला पाहिजे. जवळपासच्या ऑक्साइडमध्ये हळूहळू चार्ज साठतो आणि तेच व्होल्टेज दुसऱ्या दिवशी वेगळा फेज देते. बल व्होल्टेजच्या वर्गावर असल्यामुळे धन-ऋण चिन्ह आलटून पालटून दिले तरी ओढ तीच राहते आणि चार्ज साठत नाही. यांत्रिक वारंवारतेपेक्षा पुरेशा वेगाने उलटसुलट करा, पट्टीला ते जाणवणारही नाही.

शेवटी झाकण. उघड्या फटीत धूळ, दमट हवा काहीही शिरते. दमट हवेत गळती वाढते आणि चिकटण्याचा धोकाही. वेफरवरच सिलिकॉनचे पातळ झाकण बसवून हवाबंद करणे हा योग्य उपाय आहे, मॉर्फिकमध्ये तो करून दाखवला गेला. आत निर्वात ठेवले तर मात्र हवेचा ओलावा-धूळच नव्हे, तिचा रोधही जातो आणि पट्टी व्होल्टेज बदलल्यावर बराच वेळ थरथरत राहते. झाकणाच्या आत थोडा निष्क्रिय वायू राहू द्यावा असे माझे मत आहे.

कंपनांबद्दल लोक हमखास विचारतात. काळजी वाटणे साहजिक आहे, पण आकडे धीर देतात. १०० किलोहर्ट्झ यांत्रिक वारंवारतेच्या घटकाला १० जी (गुरुत्वत्वरणाच्या दहापट) इतके त्वरण दिले तर तो पाव नॅनोमीटर हलतो. एक मेगाहर्ट्झचा घटक त्याच्या शंभराव्या भागाइतकाच. उष्णतेच्या स्वाभाविक थरथरीने १ न्यूटन प्रति मीटरची स्प्रिंग सुमारे ६४ पिकोमीटर हलते, फेजमध्ये ते दोन-तीन हजारांश रेडियन होते. बहुतेक कामांना चालते, अतिअचूक मापनाला चालणार नाही.

एक जागा अशी आहे जिथे मेम्सशी हीटर स्पर्धाच करू शकत नाही: अतिशीत तापमान. एकेक फोटॉन मोजणारे अतिवाहक डिटेक्टर काही केल्व्हिनला चालतात. तिथे सिलिकॉनचा उष्णतेला मिळणारा प्रतिसाद जवळपास संपतो आणि मिलिवॅटची उष्णताही शीतयंत्राला जड जाते. २०२१ मध्ये केटीएचच्याच संशोधकांनी मेम्स घटक आणि असे डिटेक्टर एका चिपवर एकत्र चालवून दाखवले. क्वांटम फोटॉनिक्समध्ये काम करायचे असेल तर इकडे लक्ष ठेवा.

आणि जिथे मेम्स नको, तेही सांगतो. डेटा मॉड्युलेट करायला नको. तिथे दहापटीने नव्हे, हजारो पटींनी वेग कमी पडतो. प्रकाशाची शक्ती खूप असेल तर जपून, कारण अधांतरी वेव्हगाइडखाली उष्णता वाहून न्यायला ऑक्साइड नाही. व्होल्टेज १ व्होल्टपर्यंत उतरवण्याचे काम २०१९ मध्ये हाफनर आणि सहकाऱ्यांनी रेझोनेटरवर सोन्याचा पडदा वापरून केले आहे, पण धातू आला की शोषणही येते, त्यामुळे मोठ्या जाळीसाठी मी अजून सिलिकॉनच्याच पट्ट्या निवडेन.

प्रकल्पाचे म्हणाल तर जरूर घ्या, पण आवाका लहान ठेवा. एक कप्लर किंवा एक फेज शिफ्टर. पहिले दोन महिने फॅब्रिकेशनचे नावही काढू नका. मोड सॉल्व्हरवर (वेव्हगाइडमधल्या प्रकाशाचे गणित सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) अंतर बदलत प्रभावी अपवर्तनांकाचा आलेख काढा, स्प्रिंगचा ताठरपणा हाताने काढा, मग फायनाइट एलिमेंटवर तपासा आणि दोन्ही जोडून व्होल्टेज-फेज आलेख तयार करा. फटीची रुंदी १० नॅनोमीटरने कमी-जास्त झाली तर तो आलेख किती सरकतो ते पाहा. परीक्षक हाच प्रश्न विचारतील आणि विचारायलाच हवा. प्रत्यक्ष बनवायचे असेल तर पवईला आयआयटी मुंबईत आणि बंगळुरूला आयआयएससीत नॅनोफॅब्रिकेशनच्या सुविधा आहेत. आयएनयूपी या केंद्र सरकारच्या कार्यक्रमातून बाहेरच्या महाविद्यालयांतल्या संशोधकांनाही तिथे काम करता येते. अर्ज करण्याआधी तिथे वाफेने मोकळे करण्याची सोय तुमच्या नमुन्याच्या आकारासाठी सध्या चालू आहे का ते विचारून घ्या, कारण सगळे वेळापत्रक त्या एका यंत्रावर अवलंबून राहील.

नमुना हाती आल्यावर व्होल्टेज गणितातल्या पुल-इनच्या निम्म्यापर्यंतच न्या, आधी चढते आणि मग उतरते असे दोन्ही आलेख घ्या, आणि दोन्ही एकमेकांवर बसत नसतील तर पुढे जाण्याआधी चार्ज साठतो आहे का ते चिन्ह उलटे करून तपासा.